डोळे मिटलेलं कासव: एका स्लायडरवरच्या उपचाराची पूर्ण हकीकत

पार्श्वभूमी

अमळनेर तालुक्यातलं एक शेतकरी कुटुंब. घरात आजी, मुलगा-सून, अकरावीतला नातू आणि त्याची धाकटी बहीण. गावाचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. बाकी हकीकत घडली तशी आहे.

कासव सुरतेहून आलेलं. खानदेशातल्या बहुतेक घरांचं कोणी ना कोणी सुरतेत असतंच. इथे मामा होता आणि दिवाळीला येताना त्याने भाच्यांसाठी रुपयाएवढं हिरवं पिल्लू आणलं होतं. दुकानदाराने सांगितलं होतं की ते एवढंच राहतं. ते काही तेवढंच राहिलं नाही. दोन वर्षांत कवच साडेदहा सेंटीमीटर झालं. मुलांनी त्याचं नाव ढब्बू ठेवलं होतं.

राहणं निळ्या प्लास्टिकच्या टबात, पाणी वीतभर. सोबत आलेलं प्लास्टिकचं नारळाच्या झाडाचं बेट होतं, पण त्यावर आता ढब्बूचा एक पायही मावत नव्हता. म्हणजे पाण्याबाहेर येऊन कोरडं होण्याची सोय शून्य. टब आतल्या खोलीत, खिडकीच्या काचेमागे. खाणं म्हणजे पाकिटातली वाळवलेली कोळंबी. दुकानातून कांड्यांचं खाद्यही आणलं होतं, पण ढब्बू कोळंबीच उचलायचा, म्हणून कांड्या बंद झाल्या. आजी माळकरी. कोळंबीचं पाकीट गॅलरीतल्या खिळ्याला टांगलेलं असायचं, घरात आणायला परवानगी नव्हती. हा तपशील पुढे कामाचा ठरला.

गावात नळाला रोज पाणी येत नाही. आलं की दोनशे लिटरच्या ड्रममध्ये भरून ठेवायचं आणि पुरवून वापरायचं. अशा घरात कासवाचं पाणी कधी बदललं जात असेल, याचा अंदाज खानदेशातल्या माणसाला सांगावा लागत नाही.

तक्रार काय होती

डिसेंबरच्या मध्याला थंडी वाढली आणि ढब्बूचा डावा डोळा अर्धवट मिटलेला दिसू लागला. आठवड्याभरात दोन्ही डोळे सुजून बंद झाले. पुढच्या पायांनी तो डोळे चोळायचा. कोळंबी नाकासमोर तरंगत असली तरी तोंड उघडेना.

धुळ्यात माझ्या पशुवैद्यकीय दवाखान्यात येण्याआधी घरात तीन गोष्टी झाल्या होत्या. गुलाबपाणी घालून झालं. टबात मीठ टाकून झालं. आणि आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब दोन दिवस ढब्बूच्या डोळ्यांत गेले. बाटली त्यांनी सोबत आणली होती. लेबल वाचलं तर अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. मी विचारलं, हीच बाटली आजी अजून वापरतात का? सून म्हणाली, "अधूनमधून, खाज आली तर." कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जिवाणू असणं नेहमीचं आहे. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला त्याच बाटलीचं टोक लागणं कुठवर जाऊ शकतं, हे त्यांना समजावलं आणि ढब्बूला हात लावण्याआधी ती बाटली कचऱ्यात टाकली.

चौथी गोष्ट होता होता राहिली. गावातल्या कोणीतरी गोचिडांसाठी गाई-म्हशींना देतात ते आयव्हरमेक्टिन सुचवलं होतं. "डोयात किडे पडना असतीन," असं त्याचं निदान. नातवाने आधी फोन केला म्हणून बरं. कासवांना आयव्हरमेक्टिन विषासारखं बाधतं, अंग लुळं पडून जीव जातो. आपल्याकडे हे औषध प्रत्येक तालुक्यात सहज मिळतं आणि टोचायला तयार असलेला माणूसही मिळतो. म्हणून हे इथे ठळक सांगतो आहे.

तपासणीत काय दिसलं

आधी जात पाहिली. डोळ्यामागे लाल पट्टा होता, म्हणजे उत्तर अमेरिकेतला लाल कानाचा स्लायडर. हे पाहणं उपचाराइतकंच गरजेचं असतं, कारण तारा कासव किंवा आपल्या तळ्यांतलं मऊ पाठीचं कासव निघालं तर ते घरात ठेवणंच वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. तेव्हा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं लागतं.

वजन १७० ग्रॅम. या लांबीच्या स्लायडरचं वजन दोनशेच्या पुढे हवं. घरून आणलेल्या बादलीतल्या पाण्याचं तापमान १७ अंश. जानेवारीत धुळ्याचा पारा पहाटे सात-आठ अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे रात्री टबात काय होत असेल ते वेगळं. अमोनियाची पट्टी बुडवली तर तिचा रंग लगेच गडद झाला, म्हणजे साठलेल्या घाणीतून सुटणारा अमोनिया पाण्यात भरपूर होता.

नाकातून फेस नाही. तोंड उघडून श्वास घेणं नाही. पाण्यात सोडल्यावर एका बाजूला कलणं नाही. म्हणजे फुप्फुसाचा संसर्ग बहुधा नसावा. कानाच्या जागी फुगवटा नाही. हे मुद्दाम पाहावं लागतं, कारण ज्या कमतरतेने डोळे सुजतात त्याच कमतरतेने कानात गाठीसारखा पू साठतो. कवचाच्या कडा थोड्या वाकत होत्या.

कोमट सलाइनमध्ये थोडा वेळ ठेवल्यावर उजवी पापणी जराशी उघडली. आत पांढरा-पिवळा घट्ट गोळा होता. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा वाहत नाही, तो पनीरसारखा घट्ट होऊन बसतो. त्यामुळे नुसते थेंब घालत राहिलं तर ते वरच्यावर वाहून जातात. डाव्या डोळ्यात फ्लुरोसिनची, म्हणजे जखम रंगवून दाखवणाऱ्या औषधाची, पट्टी लावली तर बुबुळावर हिरवी बारीक रेघ उमटली. नखाने चोळून ओरखडा पडला होता. ही रेघ दिसली आणि स्टेरॉइडचा विषय कायमचा संपला. बुबुळाला जखम असताना स्टेरॉइड घातलं तर जखम भरत नाही, खोल जाते.

अशा रुग्णाचं नाव घेताच सगळे "व्हिटॅमिन ए कमी" म्हणतात, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. हे जीवनसत्त्व कमी पडलं की डोळ्याभोवतीच्या ग्रंथींचं ओलसर, नाजूक अस्तर जाड आणि कोरडं होतं. त्याचे पापुद्रे सुटतात, नळ्या तुंबतात, ग्रंथी फुगतात आणि पापण्या मिटतात. स्लायडर डोळ्यांनी पाहून खातो. दिसत नाही म्हणून खात नाही, आणि खात नाही म्हणून कमतरता वाढत जाते. दोन वर्षं फक्त वाळलेली कोळंबी हा इतिहास त्याला पुरेपूर जुळत होता. पण अमोनियाचं पाणीही डोळे सुजवतं, आणि थंडीने प्रतिकारशक्ती बसली की साधा जिवाणूही घर करतो. रक्तातलं व्हिटॅमिन ए एवढ्याशा जिवात मोजणं आमच्याकडे शक्य नव्हतं. म्हणून निदान एकच न धरता तिन्ही कारणं खरी मानून चालायचं ठरवलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मुंबईला पाठवण्याचा. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा असे प्राणी रोज पाहणाऱ्या खासगी दवाखान्यात. धुळ्याहून सव्वातीनशे किलोमीटर, ऐन थंडीत, १७० ग्रॅमचा अशक्त जीव. फुप्फुसाची लक्षणं असती तर मी पाठवलंच असतं. ती नव्हती, म्हणून एक अट घालून थांबलो: नाकातून फेस आला किंवा पोहताना कलू लागला की त्याच दिवशी निघायचं.

दुसरा पर्याय व्हिटॅमिन ए चं इंजेक्शन. नातवाने वाचून ठेवलं होतं आणि तो त्यावर अडून बसला होता. त्याच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. किलोमागे दोन हजार युनिट असा डोस धरला तर १७० ग्रॅमला ३४० युनिट लागतात. एका मिलीत पन्नास हजार युनिट असलेलं इंजेक्शन घेतलं तर तो डोस होतो ०.००७ मिली. इन्शुलिनच्या सिरिंजवरची सगळ्यात लहान रेघही सहसा ०.०१ मिलीची किंवा त्याहून मोठी असते. जनावरांसाठीच्या बाटल्या तर याहून कितीतरी तीव्र. टोचलेलं व्हिटॅमिन ए जास्त झालं तर कासवाच्या मानेची आणि पायांची कातडी सालीसारखी सुटून येते, आणि ते दुखणं मूळ दुखण्यापेक्षा वाईट.

मग सुनेने विचारलं, "अंगणवाडीत लेकरांना चमच्याने पाजतात ते चालंल का?" प्रश्न रास्त होता. त्या औषधात एका मिलीत एक लाख युनिट असतात. वीस थेंबांचा एक मिली धरला तर एका थेंबात पाच हजार युनिट, म्हणजे ढब्बूच्या गरजेच्या जवळपास पंधरापट. थेट थेंब नाहीच. पातळ करून, मोजून, तोंडावाटे देता येतं, आणि तोंडावाटे दिलेल्यात धोका टोचण्यापेक्षा कमी.

तिसरा पर्याय भूल देऊन पापण्या उघडायच्या आणि आतला गोळा काढायचा. थंड पडलेल्या, महिनाभर उपाशी कासवाला भूल देणं मला पटलं नाही. शिवाय ओरखडा असलेल्या बुबुळावर चिमटा चालवणं म्हणजे असलेली जखम वाढवणं.

शेवटी क्रम असा ठरला: आधी ऊब, मग स्वच्छ पाणी आणि शरीरातला ओलावा, त्यानंतर जीवनसत्त्व. डोळ्याचं औषध या सगळ्याच्या जोडीने, पण भरवसा त्यावर नाही. कुटुंबाला हे उलटं वाटलं. डोळा सुजलाय आणि डॉक्टर आधी ऊब द्यायला सांगतो. आजीने तर विचारलंच, "डाक्तर, डोया दुखस ना त्याना? मंग औषध डोयात टाका ना." आजीला एवढंच सांगितलं की कासवाचं अंग बाहेरच्या हवेइतकंच गरम असतं आणि गार अंगात औषधही झोपून राहतं. ते त्यांना लगेच पटलं. थंडीत दही लागत नाही हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

काय केलं

थर्मोकोलचा खोका, त्यात एका टोकाला कौल आणि कौलावर साठ वॉटचा पिवळा बल्ब. कौलाखाली सावली. बल्बखाली ३१-३२ अंश, दुसऱ्या टोकाला २६ च्या आसपास. वीज गेली तर कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवायच्या. मत्स्यालयाच्या दुकानातून "यूव्ही दिवा" आणायचा विचार मुलाने बोलून दाखवला तेव्हा त्याला थांबवलं. तिथे बहुतेकदा पाणी निर्जंतुक करायचा दिवा मिळतो. तो उघडा पेटवला तर कासवाच्या आणि माणसाच्याही डोळ्यांना भाजतो. खानदेशात ऊन फुकट आहे, फक्त ते काचेतून येऊन उपयोगी नाही, कारण कवचाला लागणारे किरण काच अडवते.

ढब्बूला दिवसभर कोरड्या खोक्यात ठेवायचं. सकाळ-संध्याकाळ तासभर २७ अंशांच्या उथळ पाण्यात सोडायचं, म्हणजे तो पाणी पिईल आणि शी करील. दर वेळी नवं पाणी, एक तांब्या पुरे. पाण्याची टंचाई असलेल्या घराला हे पूर्ण टब बदलण्यापेक्षा सोपं गेलं.

डोळ्यांसाठी कोमट सलाइनने धुणं, मग स्टेरॉइड नसलेलं अँटिबायोटिक मलम, आणि मलमानंतर अर्धा तास पाणी नाही. पापणी ओढायची नाही, खरवडायचं नाही. उजवीकडचा गोळा काही दिवसांत मऊ होऊन कडेला आला आणि ओल्या कापसाच्या काडीने अलगद निघाला. डावीकडचा त्यांना एका सकाळी खोक्यात पडलेला सापडला.

व्हिटॅमिन ए दवाखान्यात पातळ करून, आठवड्यातून एकदा, तोंडावाटे. कासवाचं तोंड उघडणं हा दोन माणसांचा उद्योग आहे आणि त्याबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही, बोट सांभाळा एवढंच.

नळीने भरवायचं का, हा सगळ्यात अवघड निर्णय. घरच्यांना ते पहिल्याच दिवशी हवं होतं. मी नको म्हटलं, कारण गार पोटात घातलेलं अन्न पचत नाही, सडतं. ऊब मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात वजन १७० वरून १६४ वर आलं तेव्हा सुनेचा फोन आला, "सर, हे तर अजून उतरलं." साठलेली शी बाहेर पडल्याने तेवढी घट होणार हे धरलेलं होतं. १६० ची रेघ ठरवून दिली, तिच्याखाली गेलं तर नळी. १६२ ला थांबलं.

उजवा डोळा उघडल्यावरही कांड्यांचं खाद्य पाण्यात पडून राही. व्हिटॅमिन ए साठी कलेजीचा तुकडा हा पुस्तकी उपाय, पण या घरात तो बोलायचाही नव्हता आणि मी बोललो नाही. मार्ग नातवाला सापडला. शेतात गांडूळखताचा वाफा होता. हलणारं गांडूळ नाकासमोर आलं आणि ढब्बूने तोंड मारलं. पुढे गांडुळांसोबत भिजवलेल्या कांड्या आणि हळूहळू किसलेलं गंगाफळ (लाल भोपळा), गाजर, शेवग्याचा पाला. पालक मी कमीच सांगितला, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. आजींनी गांडुळांवर आक्षेप घेतला नाही. "ते शेतातलं शे," म्हणाल्या. मला त्या न्यायाचं कोडं अजून सुटलेलं नाही.

मध्येच बिघडलं

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन्ही डोळे उघडे, वजन चढतीवर. उत्साहात घरच्यांनी टब घासून, नळाला नुकत्याच आलेल्या पाण्याने भरला आणि ढब्बूला त्यात पूर्ण वेळ सोडलं. दुसऱ्या दिवशी पापण्या पुन्हा लाल आणि फुगलेल्या. नातवाला वाटलं व्हिटॅमिन कमी पडलं, डोस वाढवू का?

इथे डोस वाढवला असता तर घोळ झाला असता. कमतरतेची सूज रात्रीत येत नाही. विचारल्यावर कळलं की पाण्याला टीसीएल पावडरचा, म्हणजे क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरचा, उग्र वास येत होता. लांबच्या खंडानंतर पाणी सोडताना ब्लीचिंग जास्त पडणं काही नवं नाही, आणि माणसाला पिण्यापुरतं जे सुसह्य असतं ते चोवीस तास डोळे बुडवून बसणाऱ्याला नसतं. ढब्बूला परत खोक्यात घेतलं, सलाइनने धुतलं. दोन दिवसांत सूज उतरली. तेव्हापासून नियम: ड्रममधलं पाणी उघड्या बादलीत एक दिवस उन्हात ठेवायचं, मगच टबात. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानातलं अँटीक्लोरीन.

या धक्क्याने एक गोष्ट उजेडात आली. टब पहिल्यापासून असाच भरला जात होता. म्हणजे दर वेळी पाणी बदललं की क्लोरीन आणि बदललं नाही की अमोनिया, असा दोन्हीकडून मार त्या डोळ्यांना बसत होता. व्हिटॅमिनची कमतरता होतीच, पण ती एकटी नव्हती.

निकाल

होळीपर्यंत वजन २०८ ग्रॅम. उजवा डोळा स्वच्छ. डाव्या बुबुळावर ओरखड्याच्या जागी फिकट राखाडी ठिपका राहिला. त्या बाजूने आलेलं खाद्य तो थोडं उशिरा पाहतो, पण पाहतो. व्हिटॅमिन ए चे डोस मार्चमध्ये थांबवले, पुढचं काम आहाराचं. कवचाची नवी वाढ टणक आहे.

काय वेगळं करता आलं असतं

डावा डोळा अर्धवट मिटला त्या आठवड्यात नुसतं पाणी गरम आणि स्वच्छ झालं असतं तर बहुधा औषधाशिवाय भागलं असतं. घरात धान्य तोलायचा छोटा डिजिटल काटा होता. महिन्यातून एकदा त्यावर ढब्बू ठेवला असता तर डोळ्यांआधी वजनाने सांगितलं असतं. स्लायडर वीस-तीस वर्षं जगतो, मादी पंचवीस सेंटीमीटरच्या पुढे जाते. त्यामुळे ही सवय अजून उपयोगी आहे.

मुंबईला न पाठवण्याच्या निर्णयावर एका सहकाऱ्याने प्रश्न विचारला: फुप्फुसाचा एक्सरे न काढता एवढी खात्री कशी? खात्री नव्हती. लक्षणं नव्हती आणि प्रवासाचा धोका दिसत होता, यावर तो निर्णय उभा होता. उन्हाळ्यात हेच कासव आलं असतं तर मी आधी एक्सरे सांगितला असता, कारण तेव्हा वाटेत गारठण्याची भीती नसती.

नळीबाबतही मतभेद होऊ शकतो. काही जण अशा रुग्णाला ऊब मिळाल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरवायला घेतात. घर दूर असेल, रोज वजन घेणारं कोणी नसेल, तर मीही कदाचित तसंच करीन. इथे नातू रोज सकाळी वजनाचा फोटो पाठवत होता, म्हणून वाट पाहणं परवडलं.

आता प्रश्न मे महिन्याचा. पारा ४४-४५ वर जातो तेव्हा उन्हात ठेवलेला टब तासाभरात कासवाला मारतो. म्हणून टब लिंबाखाली, अर्ध्यावर गोणपाट, सकाळचं कोवळं ऊन तेवढं घ्यायचं. मुलांच्या वडिलांनी गोठ्यालगत सिमेंटचा छोटा हौद बांधायचं काढलं आहे. पाहुण्यांपैकी एकाने बोरी नदीत सोडून द्यायचा सल्ला दिला होता. स्लायडर बाहेरचा प्राणी आहे, तो आपल्या नद्यांतल्या कासवांच्या जागेवर आणि अन्नावर हक्क सांगतो, म्हणून ते करायचं नाही हे मुलांनीच पाहुण्यांना ऐकवलं. नातू बारावीनंतर पुण्याला गेला तर ढब्बूचं कोण पाहणार, हे घरात अजून ठरलेलं नाही. सध्या धाकट्या बहिणीने काट्याचा ताबा घेतला आहे.